माईक बंद पडला का, पाळकसाहेब? मंडळीतल्या मौन प्रार्थनेबद्दल एका तरुण पाळकाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: ‘दीक्षा होऊन चार वर्षं झाली. सोलापुरातली ही माझी पहिलीच स्वतंत्र नेमणूक. आठवड्याला पाच-सहा घरसभा, दोन उपासना, दवाखान्यातल्या भेटी, पंचांच्या बैठका. सगळीकडे प्रार्थना मीच करतो आणि आता माझ्याच प्रार्थना मला पाठ झाल्यासारख्या वाटतात. सेमिनरीत मौन प्रार्थनेची थोडी ओळख झाली होती, ती मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांत, आणावी असं मनात आहे. पण एक वडीलधारे पंच म्हणाले, हे ध्यानबिन आपलं नव्हे. दुसरे म्हणाले, गप्प बसायला लोक चर्चमध्ये येतील का? सुरुवात कुठून करू?’

पाळकसाहेब, जय ख्रिस्त.

तुमच्या पत्रातलं ‘माझ्याच प्रार्थना मला पाठ झाल्यासारख्या वाटतात’ हे वाक्य मी दोनदा वाचलं. पंचांचं नंतर बघू. मंडळीत मौन आणायचा विचार तुमच्या डोक्यात आला तो या वाक्यामुळे, म्हणून आधी त्यावरच बोलतो.

एकतीस वर्षं सेवेत होतो, त्यातली निम्मी सोलापुरात आणि आसपासच्या तालुक्यांत. सेवेच्या मधल्या काळात एका रात्री आमची मंडळी, म्हणजे घरची, जेवताना म्हणाली, ‘आज चार घरी गेलात ना? चारही घरी एकच प्रार्थना केलीत. नावं तेवढी बदललीत.’ ती त्या दिवशी माझ्याबरोबर होती. मला राग आला, ताट सारून उठलो. पण रात्री एकटाच गुडघे टेकून बसलो तर ‘हे आमच्या प्रेमळ स्वर्गीय पित्या’ एवढं झाल्यावर पुढं काही येईना. दुसऱ्याच्या घरी पंधरा मिनिटं अखंड चालणारी जीभ स्वतःच्या खोलीत अडली. विश्वासच गेला की काय, असं वाटून घाबरलो. कुणाला सांगणार? पाळकानं हे कुणाला सांगायचं नसतं, असा आपल्याकडे समज आहे.

त्यातून बाहेर कसा आलो ते सांगितलं तर हसाल. भारनियमनामुळे. २००७-०८ चा सुमार. आम्ही तेव्हा पूर्व भागात भाड्यानं राहत होतो. संध्याकाळी दिवे गेले की गल्लीतले माग एका झटक्यात थांबायचे. पूर्व भागात राहिलेल्यांना माहीत आहे, मागाची खटखट चालू असताना कानाला जाणवत नाही, थांबली की जाणवते. संदेश तयार करायला उजेड नाही, फोनची बॅटरी संपलेली, उकाड्यानं घरात बसवत नाही. मग ओट्यावर येऊन बसायचो. तास-दीड तास. पहिले काही दिवस महावितरणला मनातल्या मनात शिव्या घातल्या. पुढं त्याही संपल्या. मग मी नुसता बसून राहायला लागलो, देवासमोर, काहीही न मागता. खरं सांगतो, काही घडलं नाही. दर्शन नाही, डोळ्यांत पाणी नाही. फक्त दोन-तीन आठवड्यांनी एका घरी प्रार्थनेला गेलो आणि लगेच सुरुवात करता आली नाही. त्या बाई काय बोलल्या ते आधी आठवावंसं वाटलं. बदल एवढाच होता आणि तो पुष्कळ होता.

म्हणून माझं पहिलं म्हणणं: सहा महिने मंडळीत काहीही आणू नका. तुम्ही बसा. रोज वीस मिनिटं, एकाच जागी, एकाच वेळी. सोलापुरात ती वेळ पहाटेची ठेवा. मे महिन्यात दुपारी पारा त्रेचाळीसच्या वर जातो, तेव्हा डोळे मिटून बसणारा माणूस झोपतोच, त्यात आध्यात्मिक काही नाही. ज्या दिवशी नळाला पाणी येणार त्या दिवशी वेळ बदला, कारण चार दिवसांआड येणारं पाणी सोडून तुम्ही खोलीत दार लावून बसलात तर पाळकीणबाई तुमच्या मौनाला कधीच माफ करणार नाहीत.

आता पहिल्या पंचांकडे येतो. ‘हे आपलं नव्हे’ या शब्दांमागे जी भीती आहे तिला हसू नका. आपल्या मंडळ्यांतल्या बहुतेक घरांत चार-पाच पिढ्यांमागे कुणीतरी जात, भावकी, पाणवठा सोडून आलं. त्याची किंमत त्यांनी मोजली. शेजारी सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा, एका बाजूला अक्कलकोट, दुसऱ्या बाजूला पंढरपूर, अशा जिल्ह्यात मूठभर लोकांना आपली हद्द जपावीशी वाटते. त्यांना ‘सगळं एकच आहे’ असं सांगितलंत तर ते बिचकतील आणि त्यांचं बरोबर असेल. सगळं एकच नाही. त्यांना आपलाच इतिहास सांगा, जो आपण सांगितलेला नाही.

मार्काच्या पहिल्या अध्यायात प्रभू अगदी पहाटे, काळोख असतानाच उठून एकांतात जातो. पेत्र त्याला शोधत येतो आणि म्हणतो की सगळे तुला शोधताहेत. पाळकाच्या आयुष्याचं याहून नेमकं चित्र मला ठाऊक नाही. तिसऱ्या-चौथ्या शतकांत मिसरच्या वाळवंटात संत अंतोनी आणि त्याच्यामागून शेकडो जण एकांतात राहू लागले. त्यांच्याकडून शिकून जॉन कॅसियननं पश्चिमेकडच्या मठांसाठी लिहून ठेवलं की सत्तराव्या स्तोत्राची पहिली ओळ, ‘देवा, मला सोडवायला ये, माझ्या मदतीला धाव’ या अर्थाची, ती उठता-बसता, कामात, झोप येईपर्यंत मनात घोळवावी. बाराव्या शतकात गिगो नावाच्या कार्थुसी संन्याशानं शास्त्रवाचनाची चार पायऱ्यांची शिडी मांडली: वाचन, मनन, प्रार्थना आणि मग नुसतं देवाजवळ राहणं. म्हणजे ही गोष्ट हृषीकेशहून आलेली नाही. ती आपल्या घरातच होती, पण मधल्या काळात माळ्यावर टाकली गेली. आपल्याकडे प्रॉटेस्टंट मिशनांनी उपदेश, शाळा आणि दवाखाने आणले, त्याबद्दल कृतज्ञच राहिलं पाहिजे. पण त्या सामानात ही गोष्ट नव्हती.

याबरोबर दुसरी बाजूही लपवू नका, नाहीतर पंच मोबाइलवर शोधतील आणि तुम्ही तोंडघशी पडाल. विसाव्या शतकात ही प्रार्थना पुन्हा लोकांत आली तेव्हा पूर्वेकडच्या ध्यानपद्धतींशी तिची देवाणघेवाण झाली, हे खरं आहे. जॉन मेन हा बेनेडिक्टी संन्यासी ‘मारानाथा’ म्हणजे ‘प्रभू, ये’ हा अरामी शब्द मनात घोळवायला शिकवायचा. शब्द करिंथकरांस पहिल्या पत्राच्या शेवटचा, पण एक शब्द घेऊन शांत बसण्याची रीत तो तरुणपणी मलायात एका हिंदू स्वामींकडून शिकला होता. मुंबईत जन्मलेले फादर अँथनी डिमेलो आधी पुण्यात, मग लोणावळ्यात ‘साधना’ नावानं शिबिरं घेत. १९८७ मध्ये ते गेले आणि १९९८ मध्ये व्हॅटिकननं त्यांच्या काही लिखाणाबद्दल सावधगिरीची सूचना काढली. त्याआधी १९८९ मध्ये ख्रिस्ती ध्यानाबद्दल तिथूनच एक पत्र निघालं होतं. त्याचा सूर मला पटतो: आसन, श्वास, शांतता यांचा उपयोग होतो, पण त्यातून मिळणारं स्वास्थ्य म्हणजे देवाची भेट असं समजू नये. आपण कुणाच्या तरी समोर बसतो. मन रिकामं करून रिकामंच ठेवणं हा आपला हेतू नाही. हे वाक्य पंचांपुढं ठेवा, मला अजून एकही पंच भेटला नाही ज्यानं त्यावर वाद घातला.

आणि टिळक? रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गीतं आपण दर रविवारी उपासना संगीतातून म्हणतो. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकोबांच्या वाटेनं आपण ख्रिस्तापर्यंत आलो, हे त्यांनी कधी लपवलं नाही. १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ सुरू केला आणि ख्रिस्ती संन्यासी म्हणून जगायचं ठरवलं. पुढं दोनच वर्षं मिळाली त्यांना. आपले पंच टिळकांची अभंगवाणी डोळे मिटून म्हणतात. ते डोळे अभंग संपल्यावर आणखी एक मिनिट मिटलेले ठेवायला सांगणं, एवढंच तुमचं काम आहे.

मोठ्यानं प्रार्थना करणाऱ्यांना मात्र कमी लेखू नका. मौनाची गोडी लागलेल्या माणसाला हा रोग हमखास जडतो, मलाही जडला होता. पुण्याकडे जाताना आपली गाडी दौंड सोडून केडगावला येते. तिथं पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात १९०५ मध्ये शेकडो मुली-बाया रडत, ओरडत, एकाच वेळी प्रार्थना करू लागल्या. दुष्काळानं आणि घरच्यांनी टाकलेल्या त्या पोरी. त्यांना प्रथमच आवाज मिळाला होता, त्यांना कोण म्हणणार गप्प बसा? आपल्या घरसभेत हंबरडा फोडणारी बाई आठवडाभर घरात गप्पच असते. तिला मौन नको असतं.

आता प्रत्यक्ष बसायचं कसं.

खुर्ची चालेल, चटई चालेल. पाठ ताठ, पण परेडसारखी नव्हे. लूकच्या अठराव्या अध्यायातल्या जकातदाराची प्रार्थना घ्या: ‘हे देवा, मज पाप्यावर दया कर.’ श्वास घेताना ‘हे देवा’, सोडताना उरलेलं. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळींत येशूचं नाव जोडून हीच प्रार्थना शतकानुशतकं चालत आली आहे. मन पळेल. वर्गणी, मुलाची फी, कुणीतरी केलेला अपमान, सगळं येईल. आलं की भांडू नका, पुन्हा शब्दाकडे या. वीस मिनिटांत शंभर वेळा पळालं तर शंभर वेळा परत या. हे परत येणं म्हणजेच प्रार्थना, हे मला समजायला फार वर्षं लागली. मी समजायचो की न पळणं म्हणजे प्रार्थना.

आमच्या मंडळीत एक नर्सबाई होत्या, रात्रपाळीच्या. त्यांना वीस मिनिटं बसायला मिळणं शक्यच नव्हतं. त्या वॉर्डात एका खाटेकडून दुसरीकडे जाताना हीच ओळ म्हणायच्या. म्हणाल्या, ‘पहिल्या खाटेपासून शेवटच्या खाटेपर्यंत सात वेळा होते.’ सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेल मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा एक साधा माणूस स्वयंपाकघरात भांडी हलवता हलवता देवाजवळ राहायला शिकला. त्याच्याबद्दल मी मोठा संदेश दिला होता. नर्सबाईंनी ते नाव लक्षात ठेवलं नाही, पण ती रीत त्यांना आधीच येत होती.

तुम्ही विचाराल, किती दिवसांनी फरक पडतो? इथं मला आविलाच्या तेरेसाकडे जावं लागतं. १५१५ मध्ये स्पेनमध्ये जन्मलेली ही कार्मेल संन्यासिनी मला सोलापूरची वाटते, कारण ती पाण्याबद्दल बोलते. आत्मचरित्रात तिनं प्रार्थनेची तुलना बागेला पाणी देण्याशी केली आहे आणि पाणी देण्याच्या चार रीती सांगितल्या आहेत. पहिली, विहिरीतून पोहऱ्यानं शेंदणं. दुसरी, रहाटगाडग्यानं काढणं, म्हणजे कष्ट कमी आणि पाणी जास्त. तिसरी, ओढ्याचं किंवा पाटाचं पाणी, माळ्यानं नुसती दारं धरायची. चौथी, पाऊस. त्यात माळ्यानं काहीच करायचं नाही.

आपल्या आजोबा-पणजोबांनी शेंदलं आहे, मोट हाकली आहे, उजनीचा कालवा आल्यावर रात्री-अपरात्री दारं धरली आहेत. त्यामुळे हा भाग मी घरसभेत सांगतो तेव्हा समजावून सांगावं लागत नाही, उलट म्हातारी माणसं मलाच दुरुस्त करतात. एकदा एक आजोबा म्हणाले, ‘साहेब, शेंदताना सगळ्यात जास्त त्रास कधी होतो सांगू? पोहरा वर आला आणि निम्मा सांडला, तेव्हा.’ तेरेसा नेमकं हेच म्हणते. कधीकधी विहीरच कोरडी असते, पोहरा रिकामाच वर येतो. तरी माळ्यानं रोज विहिरीवर जावं. पाण्याशिवाय फुलं जगवायची ती देव जगवेल. ही बाई स्वतः अनेक वर्षं प्रार्थनेला बसल्यावर तास कधी संपतोय, घड्याळाचे ठोके कधी पडताहेत याची वाट बघायची, आणि हे तिनं लिहूनही ठेवलं आहे. जवळ पुस्तक नसेल तर प्रार्थनेला बसायचं तिला धाडस होत नसे, असं अठरा वर्षं चाललं. तुमच्या सहा महिन्यांचं काय घेऊन बसलात?

आपण पाळक लोक पहिल्या रीतीचा कंटाळा करतो आणि चौथीच्या मागे लागतो. प्रत्येक सभेत पाऊस पडला पाहिजे. पडला नाही तर आवाज वाढवून, की-बोर्ड वाढवून पाडायचा. मी तसं केलं आहे. पण आपल्या जिल्ह्याचं पावसाशी नातं वेगळं आहे, ते तेरेसालाही ठाऊक नव्हतं. इथं मृगाचा भरवसा नसतो. खरा पाऊस सप्टेंबरात, आणि मग काळ्या रानात जी ओल धरून राहते तिच्यावर रब्बीची ज्वारी येते. मंगळवेढ्याची मालदांडी पेरल्यावर कित्येकदा पाऊस बघतही नाही, जमिनीतल्या ओलीवर आणि हिवाळ्यातल्या दवावर कणीस भरतं. मौन प्रार्थनेचं मला तसंच दिसलं आहे. बसलेल्या वीस मिनिटांत बहुतेक वेळा काहीच नसतं. मंगळवारी पंचांच्या बैठकीत कुणीतरी तुमच्या हिशेबावर शंका घेतो, तुम्ही उत्तर द्यायच्या आधी थांबता. कोपऱ्यातल्या खाटेवरचा मरणाला टेकलेला माणूस बोलत नाही, आणि तुम्हाला उठून जावंसं वाटत नाही. ओल तिथं दिसते.

आता दुसऱ्या पंचांचा प्रश्न: गप्प बसायला लोक येतील का? नाही येणार. मी करून बघितलं आहे. उपवासकाळात दर बुधवारी संध्याकाळी ‘शांततेची प्रार्थना’ जाहीर केली, पत्रकं छापली. पहिल्या बुधवारी चाळीसेक माणसं, बहुतेक कुतूहलानं. वीस मिनिटं मौन. दहाव्या मिनिटाला एका तरुणानं फोन काढला, पंधराव्याला एक बाई पदरानं वारा घालत बाहेर गेल्या. चौथ्या बुधवारी आम्ही चार जण होतो आणि त्यातला एक चर्चचा शिपाई, त्याला दार बंद करायचं होतं.

माझी चूक अशी झाली की मी एक नवा कार्यक्रम काढला. मंडळीला कार्यक्रमांचा तोटा नाही. असलेल्या कार्यक्रमांत मी एकही फट राहू देत नव्हतो, ती राहू द्यायला हवी होती. त्यानंतर मी उलटं केलं. रविवारच्या उपासनेत शास्त्रपाठ वाचून झाल्यावर लगेच न बोलता थांबू लागलो. एक मिनिट. घड्याळ लावून एक मिनिट थांबून बघा, केवढं लांब असतं. पहिल्याच रविवारी मागच्या बाकावरून आवाज आला, ‘काय ओ पाळकसाहेब, माईक बंद पडला का काय?’ सगळं चर्च हसलं. मीही हसलो. तेव्हा कळलं की मौन सांगून करावं लागतं. पुढच्या रविवारी आधी म्हणालो, ‘आता वाचलेल्यातला एखादा शब्द मनात राहिला असेल तर एक मिनिट त्याच्याजवळ राहू या.’ मग कुणी काही बोललं नाही. वर्षभरानं, मी घाईत ते मिनिट विसरलो तर लोकच माझ्याकडे बघायला लागले.

फटी कुठं आहेत ते तुमचे तुम्हाला सापडतील. पापांगीकाराच्या आधी एक आहे, नाहीतर ‘आम्ही विचारानं, शब्दानं, कृतीनं’ हे म्हणताना कुठला विचार, कुठला शब्द, हे आठवायला वेळ कुठं असतो? प्रभुभोजनानंतर दुसरी, तिथं आपण लगेच गीत सुरू करतो, जणू भाकर गिळायलाही वेळ द्यायचा नाही. पंचांच्या बैठकीत जमीन किंवा निवडणूक असा विषय निघाला की मतदानाआधी दोन मिनिटं. यानं एकमत होत नाही, तसली अपेक्षा ठेवू नका. पण आवाज खाली येतात.

घरसभेत मी अशी रीत लावली. मार्काच्या दहाव्या अध्यायातला आंधळा बार्तीमय घ्यायचा. एकानं हळू वाचायचं. थांबायचं. दुसऱ्यानं, शक्यतो एखाद्या मुलीनं, तेच पुन्हा वाचायचं. थांबायचं. मग ज्याला वाटेल त्यानं मनात राहिलेला शब्द किंवा एकच वाक्य बोलायचं, त्यावर चर्चा नाही. तिसऱ्यांदा वाचन, आणि प्रभूची प्रार्थना. अडचण कुठं येते सांगतो: एका वाक्याचं कुणी प्रवचन करतं. आमच्याकडे एक गुरुजी होते, निवृत्त, पंधरा मिनिटांखाली प्रार्थना नाही. त्यांना मी पहिलं वाचन दिलं. वाचणाऱ्याला मान मिळतो, मग बोलायची तेवढी निकड राहत नाही. एकदा बार्तीमयानंतर एक बाई फक्त एवढंच म्हणाल्या, ‘त्यानं पांघरूण टाकून दिलं.’ भिकाऱ्याची सगळी इस्टेट म्हणजे ते पांघरूण. चादरी विणणाऱ्या गावात हे मला कधीच दिसलं नव्हतं. तो उतारा मी सातेक वेळा उपदेशाला घेतला होता.

मयताच्या घरी मात्र मौन जपून. पहिल्या दिवशी लोकांना शब्द लागतात, तेविसावं स्तोत्र लागतं, पाठ असलेलं. तिथं ‘आता आपण शांत बसू या’ म्हणणं म्हणजे त्यांना एकटं टाकणं. तुम्ही स्वतः शांत बसा, त्यांच्याकडून मागू नका. मयताच्या घरी जाऊन अर्धा तास नुसता बसलेला पाळक लोकांच्या लक्षात राहतो.

आणखी एक गंभीर गोष्ट, इथं माझ्याकडून चूक होता होता राहिली. प्रार्थनेत काहीच गोडी वाटत नाही, देव दूर गेला, असं कुणी सांगितलं की क्रूसाच्या योहानाची ‘अंधारी रात्र’ आपल्या जिभेवर येते. तेरेसाचा सहकारी, १५४२ ते १५९१ असा त्याचा काळ. त्यानं या रात्रीच्या, म्हणजे देवच माणसाला पुढं नेताना येणाऱ्या कोरडेपणाच्या, खुणा सांगितल्या आहेत: देवाच्या गोष्टींत गोडी वाटत नाही तशी जगाच्या कशातच वाटत नाही, तरी मनाला देवाचीच काळजी लागून राहते, आणि पूर्वीसारखं मनन जमेनासं होतं. पण आजारातून येणारी उदासी वेगळी, हे त्यानंच बजावलं आहे. एक तरुण माझ्याकडे आला, जेवण नाही, झोप नाही, नोकरीवर जाणं बंद. मी त्याला अंधाऱ्या रात्रीबद्दल सांगायला तोंड उघडलंच होतं. आमच्या पाळकीणबाईंनी आतून त्याच्या आईला विचारलं, किती दिवस झाले अंघोळ केलेली नाही? दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. झोप उडाली, भूक गेली, मरणाच्या गोष्टी निघाल्या, आवाज ऐकू येतात असं कुणी म्हटलं, तर मौन प्रार्थना थांबवा आणि डॉक्टरकडे पाठवा, शक्य तर बरोबर जा. अशा माणसाला लांबलचक एकांत देणं धोक्याचं आहे.

मौनाचा दुसरा गैरवापर तुम्हाला लवकरच भेटेल. मंडळीच्या पैशाबद्दल कुणी प्रश्न विचारला, एखाद्या बाईनं घरातली मारहाण सांगितली, की कुणीतरी हात जोडून म्हणतो, ‘आपण हे प्रार्थनेत ठेवू या.’ म्हणजे तोंड बंद ठेवू या. ते मौन प्रार्थनेचं नव्हे. रोज वीस मिनिटं बसणाऱ्या माणसाला असल्या वेळी बोलणं थोडं सोपं जायला हवं. जात नसेल तर आपण कुणासमोर बसतो ते तपासावं लागेल.

तुमच्यासाठी तीन सवयी आणखी. रात्री झोपण्याआधी दहा मिनिटं दिवस उलगडून बघा: आज कुठं देव जवळ होता, कुठं मी पाठ फिरवली, कशाबद्दल आभार. इग्नाती लोयोलाच्या लोकांची, म्हणजे जेझुइटांची, ही रोजची शिस्त आहे. वहीत दोन ओळी लिहा, संदेशात वापरायला म्हणून लिहू नका. आणि एक माणूस शोधा, शक्यतो आपल्या मंडळीबाहेरचा, ज्याला तुम्ही महिन्यातून एकदा खरं सांगाल. माझ्यासाठी ते एक कॅथलिक फादर होते. आमची प्रभुभोजनाची मतं जुळली नाहीत, पण मला झोप येते की कंटाळा येतो की भीती वाटते, यातला फरक त्यांनी माझ्याकडून बोलता बोलता काढून घेतला. वर्षातून तीन दिवस तरी शहराबाहेर जा. पंच रजा देताना कुरकुरतील. लग्नाला गावी जायचं असलं तर देतात ना?

दोघा पंचांपैकी ज्यांनी ‘आपलं नव्हे’ म्हटलं त्यांना पुढच्या महिन्यात घरी चहाला बोलवा आणि त्यांच्या आजी पहाटे काय प्रार्थना करायच्या ते विचारा. माझा अनुभव असा की बहुतेकांच्या आजी पहाटे जात्यावर किंवा चुलीपुढं एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत असतात. ती ओळ त्यांच्याकडून लिहून घ्या. तुमच्या मंडळीत मौन प्रार्थना कोणत्या शब्दानं सुरू करायची, याचं उत्तर तिथं मिळण्याची शक्यता माझ्या या लांबलचक पत्रापेक्षा जास्त आहे.

आणि सहा महिन्यांनी जेव्हा ते पहिलं एक मिनिट उपासनेत ठेवाल, तेव्हा आदल्या दिवशी की-बोर्डवाल्या पोराला आठवणीनं सांगून ठेवा. नाहीतर तुम्ही थांबलात की त्याला वाटेल आपली पाळी आली, आणि तो मागे हळू आवाजात काहीतरी वाजवायला घेईल.